प्रतिसाद : हात उचलला नाही तरी

वर एका ताईंनी विचारलंय, नवरा मारत नाही, फक्त पगाराचं एटीएम कार्ड काढून घेतो, मग तक्रार कशाची करायची? ताई, ही हिंसाच आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ स्पष्ट लिहिलाय.

ऐरोलीत आमच्या शेजारणीला सासूने “फ्लॅट माझ्या नावावर आहे, चालती हो” म्हणून वर्षभर धाकात ठेवलं होतं. घर कुणाच्याही नावावर असो, सून म्हणून तिथे नांदत असाल तर मनाला येईल तसं बाहेर काढता येत नाही. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबत हे मान्य केलं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. जीवावर बेतलं तर थेट 112, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना वकील मोफत मिळतो, पगार कितीही असो. आणि कागदपत्रांचे फोटो आजच माहेरी पाठवून ठेवा.