'इंटरॅक्टिव्ह'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न
बाफ्टाच्या, म्हणजे ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीच्या, एका बंद पडलेल्या सोहळ्यावरचं टिपण मराठीत आणतेय. १९९८ साली सुरू झालेले 'इंटरॅक्टिव्ह एंटरटेन्मेंट' पुरस्कार. घोडं 'इंटरॅक्टिव्ह'पाशीच अडलंय. 'आंतरक्रियात्मक' वाचून रसायनशास्त्राचा पेपर आठवतो. 'परस्परसंवादी' परिपत्रकात खपतो, पण पहिल्याच वर्षी गेमचा पुरस्कार गेला 'गोल्डनआय ००७'ला. समोर येईल त्याला गोळी घालायची, त्यात परस्परसंवाद कसला? नुसतं 'संवादी' चालेल?

प्रतिसाद
'संवादी' नको हो. गाणं ऐकणाऱ्याला खटकेल. यमनात गंधार वादी, निषाद संवादी. म्हणजे जुळणारा, साथ देणारा. आपण काही केलं की समोरचं बदलतं, हा अर्थ त्यात नाही. 'प्रतिसादी' बघा.

प्रश्नकर्ती
अर्थ बसतो. पण कानाला 'प्रतिवादी' ऐकू येतं, कोर्टात उभं केल्यासारखं.

प्रतिसाद
मुळात इंग्रजी शब्दच किती पक्का होता ते बघा. सीडी-रॉम, वेबसाइट, गेम असं सगळं बाफ्टानं एकाच मांडवात बसवलं होतं. २००३ मध्ये वाटणी केली: गेमचे पुरस्कार वेगळे, 'इंटरॅक्टिव्ह'चे वेगळे. गेमचा पहिला स्वतंत्र सोहळा फेब्रुवारी २००४ मध्ये झाला, 'कॉल ऑफ ड्यूटी' सर्वोत्कृष्ट ठरला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये 'हाफ-लाइफ २'. २००६ मध्ये अकादमीनं गेमना चित्रपट आणि टीव्हीच्या बरोबरीचा दर्जा दिला, ते पुरस्कार आजही चालू आहेत. 'इंटरॅक्टिव्ह'वाल्यांचा संसार मात्र दोन सोहळ्यांत आटोपला.

माझं मत विचाराल तर तो शब्द गुण सांगतच नव्हता. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत 'संकीर्ण' असतं ना, तसा होता. कथेत नाही, कवितेत नाही, मग टाका तिकडे. डीव्हीडी, मोबाइल, बटण दाबून चालणारा टीव्ही, शाळेसाठीच्या वेबसाइट, सगळं त्यात. गेम बाहेर पडल्यावर उरलेल्यांना धरून ठेवणारं काही राहिलंच नाही. म्हणून एकच प्रतिशब्द शोधू नका.

प्रतिसाद
वरच्यांशी सहमत. एका संग्रहालयात टचस्क्रीनखाली छापील पाटी होती, 'परस्परसंवादी पटल'. मुलं हात मागे बांधून नुसती बघत होती. पहारेकऱ्यानं वहीचं पान फाडून बॉलपेननं लिहिलं, 'इथे बोट लावा', आणि पाटीवरच चिकटवलं. दहा मिनिटांत रांग!

(अवांतर: बाफ्टा पुरस्कार म्हणून देते तो कांस्य मुखवटा मिट्झी कन्लिफ यांनी घडवला. मागच्या पोकळ बाजूला एका डोळ्याभोवती इलेक्ट्रॉनिक्सचं चिन्ह आहे, दुसऱ्याभोवती पडद्याचं. फोटो टाकलात तर मागचाही टाका.)

प्रश्नकर्ती
ठरलं तर. पुरस्काराच्या नावात 'इंटरॅक्टिव्ह' तसाच ठेवते, ते विशेषनाम आहे. मजकुरात जिथे जे असेल ते: गेमला 'खेळ', वेबसाइटला 'वेबसाइट', आणि अगदीच गरज पडली तर 'वापरणाऱ्याच्या हाताने चालणारं'. लांब आहे, पण कळतं.

आता पुढचं भांडण: 'नॉमिनेशन'ला 'नामांकन' लिहू की 'नामनिर्देशन'? दुसरं वाचलं की मला निवडणुकीचा अर्ज दिसतो.