कुत्रा चावला, आता तीन महिने दारू बंद?

वॉर्ड_नंबर_नऊ:
काल इथे एक लेख पडला. 'लस आणि दारूचा संबंध हा निव्वळ बागुलबुवा. मी कोविशील्डच्या दिवशीच बसलो होतो, काय वाकडं झालं?' त्यावर धडाधड +१. राहवेना म्हणून लिहितेय.

एक दिवस बसणं वेगळं आणि रोज बसणं वेगळं, एवढंच त्या लेखात नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात. आतड्याचं अस्तर झिरपतं, तिथल्या जंतूंचं विष रक्तात उतरतं. न्यूमोनिया, टीबी या मंडळींना आधी गाठतात ते उगाच नाही. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस होऊनही यांच्यात पुरेशी प्रतिपिंडं न बनण्याचं प्रमाण जास्त. बावीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, अंदाजपंचे बोलत नाहीये.

पावशेर:
लेख माझाच. ताई, मी रोज कुठे म्हणालो? शनिवारचे दोन. आणि तुमच्यात तरी एकमत कुठंय? डिसेंबर २०२०, रशियातली कोविडवरची स्पुतनिक लस. सरकारी आरोग्य-देखरेखीच्या प्रमुख पोपोवाबाई म्हणाल्या, सुईआधी दोन आठवडे आणि नंतर ४२ दिवस थेंब नको. लस बनवणाऱ्या संस्थेचे गिन्झबर्ग म्हणाले, प्रत्येक सुईनंतर तीन दिवस पुरे. कुणाचं ऐकायचं?
शिवाय २०१३ चा माकडांवरचा प्रयोग वाचा. बेतानं पिणाऱ्या माकडांना लस दारूऐवजी साखरपाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त लागू पडली!

वॉर्ड_नंबर_नऊ:
बारा माकडं होती. आणि त्यातल्या बेवड्या माकडांचं काय झालं ते सोयीस्करपणे गाळलंत. त्यांना ती सगळ्यात कमी लागू पडली.
बरं, शनिवारच्या दोनांनी लस वाया जाते असा पुरावा नाही, हे मान्य. झालं समाधान?

मिरजकर:
खरा घोळ रेबीजच्या सुयांचा. पूर्वीची ती पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून बनायची. ती केव्हाच गेली, पथ्यं मात्र चिकटून राहिली. आमच्या मामाला कंपाउंडर म्हणाला, तीन महिने दारू बंद. मामानं हळदीच्या रात्री घेतली आणि 'नियम मोडला, आता सुईचा काय उपयोग' म्हणून पुढचे डोसच सोडले. दोन भाच्यांनी उचलून दवाखान्यात नेला शेवटी. असल्या पथ्यानं माणूस मरेल एखादा.

खडीसाखर:
अवांतर: आपल्याकडे दारूचा परवाना कशासाठी मिळतो, ठाऊक आहे ना? 'आरोग्य रक्षणासाठी'! १९४९ चा दारूबंदी कायदा. फी भरली की तहहयात आरोग्य. ताई, सरकार तुमच्या विरोधात आहे. 😀

पावशेर:
माझ्याकडे आहे तहहयात. लसीच्या सर्टिफिकेटशेजारीच ठेवलाय.

बल्लारपूरची_लेक:
हसून झालं असेल तर ऐका. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी आली, २०२१ ला उठली. मधल्या काळातही बाबांना मिळतच होती, फक्त महाग. टीबी झाला, गोळ्या दोनदा अर्धवट सोडल्या. तुमचा परवाना फ्रेम करून लावा.

खडीसाखर:
बंदी फसली हे तुम्हीच सांगताय की! मग माझ्यावर का भडकता?

बल्लारपूरची_लेक:
बंदी हवी म्हणाले का मी? वाचता येतं ना?

मिरजकर:
हलके घ्या लोकहो. धागा लसीचा आहे.

पावशेर:
बल्लारपूरताई, परवान्याचा विनोद मागे घेतो. शनिवार मात्र मागे घेत नाही.

नवाच_आलोय:
मधेच विचारतो, माफ करा. काल संध्याकाळी पोटरीला कुत्रा चावला. शनिवारी मित्राचं लग्न आहे. घेतली तर चालेल का?

वॉर्ड_नंबर_नऊ:
जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतलीत? पहिली सुई झाली?

नवाच_आलोय:
नाही, हळद दाबलीये. सुई सोमवारी घेणार होतो.

पावशेर:
अरे बाबा, लग्न-बिग्न सोड. धू ते आधी आणि आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखाना गाठ. ताई, तुम्हीच ओरडा याला, माझं ऐकायचा नाही.