यूटातली मॉर्मन विधवा चर्चच्या कोठारावर जगली की पाटाच्या पाण्यावर?

पाटकरी_अप्पा
"यूटातल्या मॉर्मन विधवांना चर्चने पोसलं" हे वाचून वाचून कंटाळा आला. (मॉर्मन म्हणजे १८४७ पासून यूटात वसलेला अमेरिकन ख्रिस्ती पंथ.) उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यायचा त्या दशांशाचं कोठार होतं, वस्तीचा प्रमुख म्हणून बिशप होता, महिन्यातून एकदा उपास करून वाचलेलं धान्य गरिबांना द्यायची रीत होती, सगळं मान्य. पण विधवेचं वर्ष ठरायचं पाण्याच्या पाळीवर. तिकडे उन्हाळी पाऊस नावापुरता. डोंगरावरचं बर्फ वितळून येणारं पाणी जूनपर्यंत धो धो, ऑगस्टमध्ये करंगळीएवढं. पाळी मध्यरात्रीची आली तरी कंदील घेऊन दारं धरायला जायलाच हवं. चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत बटाटा करपला. फळी घालून पाणी वळवायचं, वरच्याने मध्येच फोडलंय का बघायचं. गोफरने (बिळं करणारा उंदरासारखा प्राणी) बांध पोखरला असेल तर निम्मं पाणी वाटेतच गायब. धार मोठी सोडली तर बी वाहून जातं, फार वेळ तुंबवलं तर मातीतला खार वर येतो. शिवाय पाट काढण्या-उपसण्याचं काम जमिनीच्या हिशेबाने वाट्याला यायचं. पोरगा हाताशी नसेल तर गडी लावा, मजुरी धान्यात मोजा.

कोठीवाली
अप्पा, तो पाट काढला कुणी? सगळ्यांनी मिळून, चर्चच्या देखरेखीखाली. सॉल्ट लेकमधला सव्वा एकराचा प्लॉटही चर्चच्या वाटपातूनच. सरकारी जमीन कचेरी तिथे उघडली १८६९ साली, तोवर कुणाकडेच सरकारी पट्टा नव्हता. १८४८ चं पीक थंडीने आणि टोळांसारख्या किड्यांनी खाल्लं. पुढच्या वसंतापर्यंत लोक सेगो लिलीचे कंद खणून खात होते, कातडी उकळत होते. ज्याच्याकडे पीठ आहे त्याने वाटून घ्यायचं, हा दट्ट्या नसता तर तीन पोरांची आई कुठे जाणार होती? पुढे रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चच्या महिला संघटनेच्या, बायका घरोघर फिरून कुणाकडे काय कमी आहे ते बघायच्या, कापणीनंतर शेतातली कणसं वेचायच्या, रविवारची अंडी सोसायटीला द्यायच्या. (कोंबड्यांनी रविवारी हात आखडता घेतला असेल तर कल्पना नाही.) १८७६ पासून गव्हाची साठवणही त्यांच्याकडेच.

पाटकरी_अप्पा
मग मेरी फील्डिंग स्मिथचं काय? नवरा हायरम, म्हणजे पंथ काढणाऱ्या जोसेफ स्मिथचा भाऊ, १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात मारला गेला. ही २३ सप्टेंबर १८४८ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली आणि मिलक्रीकला शेती केली. तिच्या मुलाने, जोसेफ एफ. स्मिथने, सांगितलेला प्रसंग आहे: निवडक बटाटे दशांशात द्यायला ती गाडी घेऊन गेली, तर कचेरीतला कारकून म्हणाला, विधवेने द्यायची गरज नाही. ती त्याच्यावरच उखडली. म्हणजे माल कोठारात *घालणारी* विधवा!

कोठीवाली
ती एकटी होती कुठे? १८४४ मध्येच चर्चच्या पुढाऱ्यांपैकी हेबर किंबॉलशी तिचं लग्न लागलं होतं. १८५२ मध्ये ती वारली तीही किंबॉलच्याच घरी.

नोंदवही
दोघांचंही अर्धंच. मेरीने घर वेगळंच ठेवलं, हे किंबॉलच्या नावाने झाकलं जातं. पण तिचं उदाहरण सगळ्यांना लावू नका. ती मोठ्या घरातली. खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या बायकोची; बरेच मॉर्मन पुरुष तेव्हा एकाहून जास्त बायका करत. अमेरिकन कायद्याच्या नजरेत ती बायकोच नव्हती. त्यामुळे नवऱ्याने हयातीत घर नावावर केलं नसेल किंवा मृत्युपत्र केलं नसेल तर तिची बाजू कच्ची. १८८७ च्या एडमंड्स-टकर या बहुपत्नीत्वविरोधी कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा दिला खरा, पण कायदेशीर विधवेला. त्याच कायद्याने यूटातल्या बायकांचा १८७० पासूनचा मतदानाचा हक्कही गेला. पाळीचं पाणी जमिनीमागे. जमीन कुणाच्या नावावर, ते आधी सांगा. मग कोठार की पाट बोलू.

पाटकरी_अप्पा
हे मात्र पटलं. तरी १८६९ नंतर कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याखाली कुटुंबप्रमुख म्हणून विधवेला स्वतःच्या नावे १६० एकरांपर्यंत अर्ज करता येत होता. पाच वर्षं राहून कसायची अट. आणि कसायची म्हणजे पुन्हा दारं धरणं आलंच.

कोठीवाली
१६० एकरांना पाणी कुठलं? त्यातलं भिजणार किती तेही लिहा की.