विषय: ग्रान कनारियातील रोके नूब्लोची पायी सहल

सस्नेह नमस्कार.

स्पेनच्या कनारी बेटांपैकी ग्रान कनारियाच्या फेब्रुवारीतील सहलीचे वेळापत्रक मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोके नूब्लो हा सुळका आणि त्याच दुपारी मास्पालोमासच्या वाळूच्या टेकड्या, असे दोन्ही एकाच दिवसात बसविले आहे, ते मला पटलेले नाही. पायी टप्प्याविषयी ‘दीड किलोमीटर, सोपी वाट’ एवढाच मजकूर आहे. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील आणि आईच्या गुडघ्यांची तक्रार जुनी आहे. त्यामुळे ‘सोपी’ म्हणजे कोणासाठी सोपी, हे आधी कळले तर बरे होईल. ज्यांना चालायचे नाही त्यांनी तोवर काय करायचे, याचाही खुलासा व्हावा. शिवाय सोबतच्या माहितीपत्रकात हा सुळका म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खुंट आहे असे म्हटले आहे. तसे असेल तर सह्याद्रीत सुळक्यांची वाण नाही. एवढ्या लांब जाऊन तेच पाहायचे का, हा प्रश्न थोडा आडमुठा वाटला तरी समितीने राग मानू नये.

आपला,
एक आजीव सभासद

---

सप्रेम नमस्कार.

राग मानण्याचे कारण नाही. असे प्रश्न विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी आलेलेच बरे. मास्पालोमास आता तिसऱ्या दिवशी ठेवले आहे, त्यामुळे नूब्लोसाठी अख्खा दिवस मोकळा राहील.

वाटेविषयी सविस्तर लिहितो. चालायला सुरुवात होते ती ला गोलेता नावाच्या खिंडीपासून. तेथून सुळक्याच्या पायथ्यापर्यंतचे अंतर खरोखरच दीड किलोमीटरच्या आसपास आहे आणि चढही साधारण दोनशे मीटरचाच आहे. परंतु तो सर्वत्र सारखा वाटून आलेला नाही. पहिला भाग पाइन वृक्षांच्या सावलीतून जातो, बऱ्याच ठिकाणी दगडी फरसबंदी आहे आणि डाव्या-उजव्या बाजूंना थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शेवटच्या टप्प्यात मात्र उघडा कातळ आणि त्यावर पसरलेली बारीक खडी लागते. ज्याला आपण ट्रेकमध्ये घसारा म्हणतो तो प्रकार येथे थोडाच आहे, पण उतरताना गुडघ्यांची परीक्षा पाहायला तेवढा पुरतो. सपाट तळव्याचे बूट घालून येणाऱ्यांची तारांबळ तेथेच उडते. काकूंनी पहिल्या टप्प्यापर्यंत काठी घेऊन सावकाश यावे आणि पुढचा निर्णय तेथे घ्यावा, असे आम्ही सुचवू. एक जण त्यांच्याबरोबर थांबेल.

हेही स्पष्ट केलेले बरे की आपण सुळक्याच्या माथ्यावर जाणार नाही. माथा समुद्रसपाटीपासून 1,813 मीटर उंच आहे आणि कातळ आपल्या पायथ्यापासून सुमारे 80 मीटर उभा आहे. ते काम दोर लावून चढणाऱ्या प्रस्तरारोहकांचे. आपण पोचतो ते त्याच्या पायाशी असलेल्या पठारावर. शेजारीच बेडकासारखा दिसणारा ला राना नावाचा कातळ आहे. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला समुद्रापलीकडे तेनेरीफ बेटावरचा 3,715 मीटर उंचीचा तेइदे हा ज्वालामुखी पर्वत दिसतो.

ज्यांना चालायचे नाही त्यांच्यासाठी तेहेदा हे गाव जवळ आहे. फेब्रुवारीत तेथील बदामाची झाडे बहुधा फुलावर असतात आणि गावातून नूब्लो व बेंतायगा हे दोन्ही कातळ दिसतात. केवळ दृश्यासाठी चढायलाच हवे असे नाही, हे पायी सहलीची आवड असूनही मी प्रामाणिकपणे लिहीत आहे.

खरी चिंता वाटेची नसून रस्त्याची आहे. बेटाच्या मध्यभागी जाणारे घाटरस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत, गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या आसनाची मागणी आताच नोंदवावी. मोठ्या बसऐवजी लहान व्हॅन घेण्याचे कारणही तेच. ला गोलेताला गाड्या लावायला जागा बेताचीच आहे आणि गर्दीमुळे बेटाचे प्रशासन वाहनतळाचे व प्रवेशाचे नियम बदलत असते. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरील सूचना पाहून मगच निघण्याची वेळ पक्की करू.

कळावे,
सहल समितीच्या वतीने

---

नमस्कार मंडळी.

भूशास्त्र हा माझ्या नोकरीचा विषय असल्याने मधेच बोलण्याची मुभा घेतो. माहितीपत्रकातील ‘थिजलेल्या लाव्ह्याचा खुंट’ हे वर्णन नूब्लोला लागू होत नाही. ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा घट्ट होतो आणि भोवतालचा मऊ भाग झिजून गेला की आतला खुंट उघडा पडतो, अशी उदाहरणे जगात आहेत. नूब्लो त्यांपैकी नव्हे. सुमारे 50 ते 30 लाख वर्षांपूर्वी येथे एक मोठा, थराथरांनी वाढलेला ज्वालामुखी होता. त्याच्या स्फोटक उद्रेकांत जुन्या खडकांचे तुकडे, राख आणि तप्त वायू यांचे लोंढे उतारावरून खाली आले, जागोजागी साचले आणि कालांतराने घट्ट झाले. त्या जाड थराचा बहुतेक भाग पावसापाण्याने कापून नेला. जे थोडे शिल्लक राहिले त्यातला हा एक तुकडा. बेंतायगाही त्याच खडकाचा आहे.

म्हणूनच पायथ्याशी पोचल्यावर लगेच पाठ फिरवून छायाचित्र काढू नये, आधी कातळाच्या अगदी जवळ जावे. फिकट पिवळसर-तपकिरी राखेत मुठीएवढे, कधी डोक्याएवढे, कोनदार दगड रुतलेले दिसतील. एक काळा, शेजारचा तांबूस, तिसरा राखाडी. पाडकामाच्या जागी तुटलेला काँक्रीटचा खांब जसा आतून दिसतो, तसाच हा प्रकार आहे. सह्याद्रीतला सुळका, उदाहरणार्थ जीवधनाशेजारचा वानरलिंगी, शांतपणे पसरत गेलेल्या बेसाल्टच्या थरांतून झीज होऊन उरलेला आहे आणि तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की बाह्य आकार सारखा असला तरी पाहायला मिळणार ते सर्वस्वी वेगळे आहे.

जाताजाता पाइनविषयी. कनारी पाइनच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात असतात आणि धुके त्यांवर जमून थेंबाथेंबाने जमिनीत उतरते. साल जाड असल्याने आगीतही खोड जगते. काळवंडलेल्या बुंध्यातून फुटलेले हिरवे झुबके दिसले तर नवल वाटू नये. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेटाच्या मध्यभागी मोठा वणवा पेटला होता.

हवामानाबाबत एकच सूचना करतो. ईशान्य वाऱ्यांमुळे ढग उत्तरेच्या उतारांवर अडतात आणि पुष्कळदा नूब्लो त्यांच्या वर उन्हात असतो, म्हणून खाली ढग दिसले तरी बेत रद्द करू नये. उलट सहाराकडून धूळ घेऊन येणारा कालिमा नावाचा वारा सुरू असेल तर दृश्यही नाही आणि श्वासालाही त्रास. दमेकऱ्यांनी त्या दिवशी चढू नये.

एक सभासद

---

सस्नेह नमस्कार.

दोन्ही उत्तरे आईवडिलांना वाचून दाखविली. आई म्हणते की ती तेहेदात बसून बदामाची झाडे पाहील आणि तिच्यासाठी कोणी मागे थांबण्याची गरज नाही. वडील मात्र दगड जवळून पाहण्यासाठी वर येणार म्हणून हटून बसले आहेत. आमची नावे त्याप्रमाणे लिहावीत. वाटेत पिण्याचे पाणी मिळेल का, एवढे कळवावे.

एक आजीव सभासद

---

नमस्कार.

वाटेवर पाणी नाही. प्रत्येकाने किमान दीड लिटर स्वतःच्या सॅकमध्ये घ्यावे. पठारावर वारा जोराचा असतो, तेव्हा ऊन असले तरी विंडचीटर जवळ हवा. हा भाग संरक्षित नैसर्गिक स्मारक असून बेंतायगासह आसपासचा पवित्र पर्वतप्रदेश 2019 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यामुळे मुलांनी दगडांवर दगड रचून मनोरे उभारू नयेत, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. चढणारे आणि तेहेदात थांबणारे अशा दोन याद्या करीत आहोत. आपले नाव कोणत्या यादीत हवे ते येत्या रविवारपर्यंत याच पत्राला उत्तर देऊन कळवावे, म्हणजे व्हॅनची संख्या ठरविता येईल.

सहल समितीच्या वतीने