सहामाही संपली पण पोरगी गप्प गप्प असते

सिडकोतली आई: मुलगी नववीत, सहामाहीला गणितात 80 पैकी 27 पडले. तेव्हापासून नीट जेवत नाही, मैत्रिणींकडे जात नाही, सुट्टी लागली तरी खोलीतच. रागवावं की सोडून द्यावं काही कळेना.

सातपूरचा मास्तर: ताई मार्क जरा बाजूला ठेवा. मी टर्मच्या शेवटच्या दिवशी वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या, काय जड गेलं एवढंच लिहा म्हटलं, तर निम्म्यांनी अभ्यासाचं नावच काढलं नाही, झोप, घरातली भांडणं, क्लासहून यायला रात्रीचे नऊ, आणि गिरणारे गावाकडून येणाऱ्या एकाने लिहिलं की एसटी चुकली की सगळ्यांसमोर बोलणी बसतात. बोलणारा मीच हो. तिच्या वर्गशिक्षिकेला भेटा, पण पोरीला सांगून.

पंचवटीकर: आमचा पण असाच होता. रोज संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर, चालायला न्यायचो, शाळेचा विषयच काढायचा नाही, आठवड्याने आपणहून बोलला. दोन आठवड्यांनी पण फरक नाही पडला तर 14416 ला फोन करा, सरकारचं टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. मरणाबिरणाचं बोलली तर मात्र थांबू नका, लगेच.

सिडकोतली आई: तसं काही बोलली नाहीये. आज नेते गंगेवर, भेळभत्त्याला नाही म्हणणार नाही बहुतेक.