पोटॅशियम: कुणाला कमी, कुणाला जास्त. तुमचे अनुभव लिहा

रानजाई:
काल दवाखान्याबाहेर शहाळ्यांची गाडी दिसली आणि आत्येसासूबाई आठवल्या. डायलिसिसवर होत्या. भेटायला येणारा जो तो शहाळं घेऊन यायचा, आणि त्यात पोटॅशियम फार म्हणून सिस्टर ते आम्हालाच प्यायला लावायच्या. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला ३५०० मिलिग्रॅम तरी पोटॅशियम हवं, आणि कित्येकांच्या पोटात तेवढं जातच नाही. ह्यांच्या किडन्या मात्र ते बाहेरच टाकेनात. रक्तात फार साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून सारखा ईसीजी. तुमच्याकडे काय झालं?

खडीसाखर:
आमच्याकडे उलटं. बाबांना सूज उतरायची गोळी होती, लघवीवाटे सगळं गेलं. रक्तातलं पोटॅशियम २.८ वर आलं! पायात गोळे, अंगात त्राण नाही. सलाइनमधून हळूहळू दिलं. केळ्यांनी भागत नाही हो, एका केळ्यात जेमतेम ४०० मिलिग्रॅम.

टेकडीवरचा:
सगळे केळ्याच्याच मागे. बटाटा, रताळं, राजमा, पालक बघा की. उपासाला साबुदाणा खाणाऱ्यांनो, त्यात जवळजवळ काहीच नाही. कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

माईसाहेब:
आमच्या ह्यांच्यासाठी पोटॅशियम निघून जावं म्हणून भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यायला सांगितलंय. अळूचं फदफदं असं केल्यावर उरतं काय? हे म्हणाले, भाजी राहू दे, ते पाणीच मला दे.

बोरूबहाद्दर:
कमी सोडियमचं मीठ आणताना जपून. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीला चांगलं, पण किडनी नाजूक असेल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खडीसाखर:
टेल्मिसार्टन तर अर्ध्या सोसायटीला चालू आहे :)

निशाचर:
माझा रिपोर्ट आला ६.१. आईने देव पाण्यात घातले. त्याच दिवशी परत रक्त दिलं तर ४.३. रक्त काढताना पेशी फुटल्या की आकडा फुगतो म्हणे. मी ठणठणीत, रिक्षाचे पैसे मात्र गेले.

माईसाहेब:
@निशाचर, आईला साखर द्या तोंडात.

रानजाई:
@माईसाहेब, उकडलेल्या भाजीला लसणीची चरचरीत फोडणी द्या. आत्येसासूबाई तेवढ्यावर पोळी खायच्या.

माईसाहेब:
ह्यांचा चातुर्मास आहे गं, लसूण कुठली. हिंग-मिरचीवर भागवते. आणि टेकडीवरचे, कुकर उतरवलात की नाही अजून?