थायलंडमध्ये आहोत, फुकेतच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागले आहेत, उरलेले आठ दिवस कुठे घालवावेत?

नमस्कार.

मी आणि माझे यजमान २ ऑक्टोबर २०२४च्या संध्याकाळी मुंबईहून फुकेतला उतरलो. परतीचे विमान बँकॉकहून १४ ऑक्टोबरच्या रात्री आहे. या दोन तिकिटांखेरीज आम्ही काहीही आरक्षित केलेले नाही. यजमान सहकारी बँकेत आहेत. सहामाही अखेरीची कामे असल्यामुळे रजेची शाश्वती नव्हती आणि ती मंजूर झाली २७ सप्टेंबरला. आजवरचे आमचे सगळे प्रवास यात्रा कंपनीबरोबर, ठरलेल्या बसने आणि ठरलेल्या वेळेला झाले. या वेळी मात्र जिथे मन रमेल तिथे दोन दिवस जास्त राहायचे आणि जिथे रमणार नाही तिथून निघायचे, असे दोघांनीही मनापासून ठरवले होते. भारतीय पासपोर्टधारकांना यंदाच्या, म्हणजे २०२४च्या, १५ जुलैपासून व्हिसाविना ६० दिवस राहता येत होते, त्यामुळे कागदपत्रांची अडचण नव्हती. अडचण आली ती समुद्राची, आणि त्याबाबतच आपला सल्ला हवा आहे.

यजमानांचे बालपण रत्नागिरीजवळ गेले. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जातात आणि नवरात्रापर्यंत समुद्र निवळलेला असतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले गणित आहे. तेच गणित आम्ही फुकेतला लावले, आणि ते इथे लागू पडत नाही. अंदमान समुद्राकडच्या या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर मे महिन्यापासून थेट ऑक्टोबर संपेपर्यंत असतो. सिमिलन बेटे तर दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच ठेवतात, हे मला इथे आल्यावर कळले. फी फी बेटांवरची माया बे १ ऑक्टोबरला उघडली आहे खरी, पण गेले तीन दिवस वाऱ्याचा जोर पाहून आमची बोटीत बसण्याची तयारी झाली नाही.

पहिल्या तीन रात्री आम्ही करोन किनाऱ्याजवळ राहिलो. वाळू इतकी बारीक आणि पांढरी आहे की चालताना पायाखाली आवाज करते. पण किनाऱ्यावर ठिकठिकाणी लाल बावटे लागलेले होते. पाण्याकडे पाहिल्यावर ते का लावले आहेत हे यजमानांना लगेच समजले. लाट फुटून परत जाताना मधल्या पट्ट्यात पाणी काळसर दिसते आणि तिथली ओढ माणसाला आत घेऊन जाते. गुडघाभर पाण्यातही त्यांनी मला जाऊ दिले नाही. दुपारी डोंगराकडून पाऊस येतो आणि दोन-तीन तास थांबत नाही. ऑगस्टमध्ये याच भागात दरड कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला होता, त्यामुळे रात्री पावसाचा जोर वाढला की झोप लागत नसे. म्हणून काल सकाळी आम्ही खोली सोडली आणि निळ्या सोंगथेवने, म्हणजे दोन बाजूंना बाकडी असलेल्या सामायिक गाडीने, फुकेत शहरात आलो.

इथे आल्यावर मात्र आमचा प्रवास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे मला वाटते, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढच्या निर्णयाशी त्याचा संबंध आहे.

मी शाकाहारी आहे आणि नवरात्राचे नऊ दिवस कांदा-लसूणही खात नाही. थायलंडमध्ये हे जमणार नाही, बरोबर नेलेले मेतकूट आणि दशम्या यांवरच निभवावे लागेल, असे अनेकांनी सांगितले होते. प्रत्यक्षात घटस्थापनेच्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, फुकेतमध्येही नऊ दिवसांचा उत्सव सुरू झाला. हा इथल्या चिनी वंशाच्या लोकांचा नऊ देवांचा उत्सव आहे. तो चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत येतो, आणि यंदा त्या पंचांगाची प्रतिपदा आणि आपली प्रतिपदा एकच आली. रस्तोरस्ती पिवळे बावटे लागलेले आहेत. त्यांवर लाल रंगात जे अक्षर असते ते आपल्याला १७ या इंग्रजी आकड्यासारखे दिसते. त्याचा उच्चार 'जे' असा आहे. असा बावटा असलेल्या गाडीवर मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, पण कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही नसतात. हे वाचल्यावर मी दोनदा खात्री करून घेतली. या देशात माझा नवरात्राचा नेम पाळणारे इतके लोक भेटतील याची मला कल्पनाच नव्हती. कालपासून टोफू घातलेल्या जाड पिवळ्या शेवया, तळलेल्या अळकुड्या आणि बर्फावर घातलेली 'ओ-एऊ' नावाची जेली हेच आमचे जेवण आहे, आणि मासे खाणारे यजमानही बरोबरीने तेच खात आहेत.

काल संध्याकाळी जुई तुई मंदिरात गेलो होतो. सगळे लोक पांढऱ्या कपड्यांत होते. आमच्याजवळ पांढरे कपडे नव्हते म्हणून मी संकोचून दाराशीच थांबले, तर एका आजींनी हात धरून आत नेले आणि उदबत्त्या हातात दिल्या. सकाळच्या मिरवणुकीत अंगात आलेले भगत गाल आरपार टोचून घेतात. ते मला पाहवले नाही, पण ते ज्या घरासमोरून जातात तिथे लोक टेबलावर चहाचे पेले आणि फळे मांडून हात जोडून उभे असतात, ते दृश्य मी विसरणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उद्या, ७ तारखेपासून आमच्या हाती आठ दिवस आहेत. मला समुद्रात उतरायचे आहे. निदान दोन-तीन दिवस तरी, कमरेएवढ्या शांत पाण्यात. यजमानांना रेल्वेचा एक लांबचा प्रवास करायचा आहे आणि बँकॉक नीट पाहायचे आहे. आमच्यापुढे जे पर्याय आहेत ते असे.

पहिला पर्याय क्राबी आणि रायलेचा. अंतर कमी आहे, पण किनारा याच समुद्राचा, आणि रायलेला बोटीशिवाय जाताच येत नाही. जे आता तिथे आहेत किंवा कोणत्याही वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे गेले होते, त्यांनी पाण्याची स्थिती सांगावी.

दुसरा पर्याय चियांग माईचा होता. तो आम्ही जवळजवळ सोडून दिला आहे. काल पिंग नदीने ५.३० मीटरची विक्रमी पातळी गाठली आणि शहरातला रात्रबाजाराचा भाग पाण्याखाली गेला. शहराबाहेरच्या एका हत्ती-आश्रमातले दोन हत्ती पुरात बुडून गेल्याची बातमी वाचून फार वाईट वाटले. अशा वेळी तिथे पाहुणे म्हणून जाणे आम्हाला योग्य वाटत नाही.

तिसरा पर्याय पलीकडच्या, म्हणजे थायलंडच्या आखाताच्या किनाऱ्याचा आहे आणि माझे मन तिकडे ओढ घेते. माझ्या समजुतीप्रमाणे कोह सामुई, कोह फांगान आणि कोह ताओ या बेटांचा मोठा पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा नसून परतीच्या वाऱ्याचा आहे. आपल्याकडे कोकणातला पाऊस संपल्यावर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जसा सुरू होतो, तसा. तिथे नोव्हेंबर सर्वांत ओला असतो. मग ऑक्टोबरचा दुसरा आठवडा नेमका कसा असतो? पाऊस दुपारी एखादी सर येऊन थांबेल असा असेल तर आमची काहीच तक्रार नाही. फक्त पाणी शांत हवे.

फुकेतहून सुरात थानीमार्गे डोनसाक बंदरापर्यंत बसने जावे लागते आणि तिथून सामुईची बोट मिळते, एवढे समजले आहे. मला बोट लागते. वेगवान बोटीपेक्षा गाड्या वाहून नेणारी मोठी बोट संथ चालते आणि तीत कमी त्रास होतो, हे खरे आहे का? दीड तासाचा प्रवास मी सोसू शकेन, पण तीन बेटे करण्याच्या हव्यासात रोज बोटीत बसणे मला जमणार नाही. एकच बेट निवडायचे तर कोणते, आणि त्या बेटाच्या कोणत्या बाजूला राहावे?

वाटेत खाओ सोकचे जंगल आणि तिथले चिओ लान धरणाचे पाणी लागते. तिथे तराफ्यावरच्या झोपड्यांत राहता येते असे वाचले. या पावसात एका रात्रीसाठी तिथे थांबावे का?

खर्चाचे सांगायचे तर खोलीसाठी रोजचे ९०० ते १२०० बाट, म्हणजे सुमारे सव्वादोन ते तीन हजार रुपये आम्हाला परवडतात. परदेशी कार्डावर पैसे काढताना इथली यंत्रे दर वेळी २२० बाट घेत होती, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढून ठेवली आहे. स्कूटर भाड्याने घेण्याचा आग्रह अनेक जण करतात. यजमानांकडे आंतरराष्ट्रीय परवाना नाही आणि त्याविना अपघात झाला तर विमा मिळत नाही, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नये. सार्वजनिक वाहनाने जे साधेल तेच आम्ही करणार आहोत.

आज रविवार असल्यामुळे थलांग रस्त्यावर बाजार भरला आहे. तिथून जाऊन आल्यावर रात्री पुन्हा इथे येईन. उद्या दुपारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे.

भर, ७ ऑक्टोबर, रात्री:

इतक्या तातडीने आणि इतक्या आपुलकीने उत्तरे दिलीत, त्याबद्दल दोघांकडूनही मनापासून आभार. आम्ही आखाताकडे जायचे ठरवले आहे. तीन बेटांचा नाद सोडून फक्त सामुई, आणि तिथेही गजबजलेल्या चावेंगऐवजी उत्तरेकडचा माए नाम किनारा, हा सल्ला आम्हाला पटला. उद्या सकाळच्या बसने निघतो आहोत. खाओ सोकची रात्र मात्र वगळली, कारण तिथे थांबलो असतो तर समुद्राचा एक दिवस कमी झाला असता आणि पावसाची खात्री कुणीच देऊ शकले नाही. यजमानांना याचे थोडे वाईट वाटले आहे. बेटावर नारळाची झाडे मोजता येणार नाहीत इतकी आहेत, असे एका सदस्यांनी लिहिले ते मी त्यांना वाचून दाखवले.

११ तारखेला बेट सोडून सुरात थानीहून रात्रीच्या गाडीने बँकॉकला जायचे आहे. सुरात थानीचे स्थानक शहरात नसून फुनफिन गावात आहे, ही सूचना फार उपयोगी पडली. आम्ही शहरातली खोली घेऊन बसलो असतो. आता तीन गोष्टींची माहिती अजून हवी आहे.

१३ ऑक्टोबर हा इथल्या दिवंगत नवव्या राम राजांचा स्मृतिदिन आहे आणि यंदा तो रविवारी आल्यामुळे सोमवारीही सुट्टी आहे. बँकॉककडे येणाऱ्या गाड्यांना त्यामुळे गर्दी होते की बँकॉकहून बाहेर जाणाऱ्या गाड्यांनाच? झोपण्याच्या डब्यातले खालचे दोन बाक मिळाले नाहीत तर मी वरच्या बाकावर चढू शकेन, पण यजमानांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी खालचा बाक हवाच आहे.

दुसरी गोष्ट जेवणाची. ११ तारखेला उत्सव संपला की पिवळे बावटे उतरतील. त्यानंतर 'किन जे', म्हणजे 'मी जे पद्धतीचे खाते', एवढे म्हणणे पुरते का? मत्स्यरसाला 'नाम प्ला' म्हणतात आणि तो घालू नका हे सांगण्यासाठी 'माई साई नाम प्ला' म्हणावे, हे पाठ केले आहे. पण वाटणात कोळंबीची 'कपि' आधीच मिसळलेली असते, ती कशी टाळावी? 'मंगसवीरात' हा आपल्या मांसविरतीवरून आलेला शब्द लोकांना कळतो का, की तो फक्त पुस्तकी आहे?

आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. बँकॉकच्या सिलोम भागातल्या महामारिअम्मन मंदिरात नवरात्र मांडतात आणि विजयादशमीच्या रात्री देवीची मिरवणूक निघते, असे एका सदस्यांनी कळवले. त्या दिवशी, १२ तारखेला, आम्ही सकाळीच बँकॉकमध्ये असू. लग्नाला पंचवीस वर्षे झाली. दसरा घराबाहेर करण्याची ही आमची पहिलीच वेळ आहे. रस्त्यांवर वाहने बंद असतात असे कळते, म्हणून सुरसाक स्थानकावर उतरून चालत जाण्याचा विचार आहे. तिथे किती वाजेपर्यंत पोहोचावे, बायकांना देवीची ओटी भरता येते का, आणि ओटीसाठी नारळ आणि खण तिथे मिळतात की नारळ सामुईहूनच घेऊन यावा, हे कुणी स्वतः गेलेल्या व्यक्तीने सांगितले तर फार उपकार होतील. खण मी घरून निघतानाच पिशवीत घातला होता.